यंत्रावरचा मालकंस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

आमच्या चांदूर रेल्वेत एक भजनी मंडळ आहे. पेटी, तबला, टाळ आणि अर्थातच खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी इथून फार लांब नाही, त्यामुळे या भागात खंजिरीशिवाय भजन म्हणजे मिठाशिवाय वरण. पेटीवर बसतात ते काका ऐंशीच्या घरातले. शास्त्रीय संगीत ते कुणा उस्तादाकडे शिकले नाहीत. रेडिओ ऐकून आणि नाटकमंडळ्यांची पदे बसवून शिकले. पण रागाचा कान असा, की दुरून जाणाऱ्या बँडमधली धून ऐकून ‘हा पिलू’ म्हणून सांगतात.

एकदा त्यांचा नातू पुण्याहून सुटीत आला होता. त्याने मोबाईल पेटीच्या झाकणावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘आबा, हा राग ओळखा.’’ आधी धप् धप् असा ठोका सुरू झाला, जत्रेतल्या पाळण्याशी वाजतो तसला. खाली एक घोगरा आवाज त्याच त्या चार-सहा सुरांत गिरक्या घेत होता. मग वरून एक बारीक, चकाकणारी सुरावट उतरली. मंडळातले दोघे-तिघे हसू लागले. काकांनी डोळे मिटले होते. अर्धे मिनिटही झाले नसेल.

‘‘हा त मालकंस हाय बाप्पा,’’ ते म्हणाले. आणि जरा थांबून, ‘‘पन सम कुठी हाय?’’

त्यांना ठाऊक नव्हते, पण ज्या ध्वनिमुद्रिकेवरून भारतात, युरोपात आणि अमेरिकेत वाद झाले, तिच्याबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनी विचारला होता. आजचे बोलणे त्या ध्वनिमुद्रिकेबद्दल आहे.

तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. १९८२ साली मुंबईत ती ध्वनिमुद्रित झाली आणि त्यानंतर एचएमव्हीने बाजारात आणली. एका बाजूला भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा. तबला नाही, तंबोरा नाही, सतार-सारंगी नाही. तीन विजेची यंत्रे आणि ती चालवणारा एक माणूस : चरणजित सिंग.

हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. त्यांचे वादन मात्र नक्की ऐकले आहे. १९४० साली जन्मलेले चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवले. बास गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्झिकॉर्डसारखी विजेची कीबोर्डे, पुढे सिंथेसायझर. नवे वाद्य शहरात आले की ते त्यांच्या हातात असे. त्या काळी गाणे मुद्रित होताना पन्नास-पन्नास, कधी त्याहून जास्त वादक एका वेळी बसत. तबकडीच्या वेष्टनावर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव, गीतकाराचे नाव. वादकाचे नाव नाही. सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्यात, रोजचा मोबदला घ्यायचा आणि घरी जायचे. ज्या सुरांवर आपण तरुणपणी भाळलो, ते कुणाच्या बोटांतून आले हे आपल्याला कधी कळले नाही, आणि खरे सांगायचे तर आपण विचारलेही नाही.

विजेची वाद्ये या धंद्याला नवी नव्हती. १९५४च्या ‘नागिन’मधली ती प्रसिद्ध बीन खरी बीन नव्हती; ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवली होती. पडद्यावरच्या नागिणीला आणि पडद्यासमोरच्या प्रेक्षकांना त्याने काही फरक पडला नाही. रागाला परदेशी कपडे घालण्याचे प्रयोगही झाले होते. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यात उस्ताद रईस खान यांची सतार आणि भोवती जॅझचा ताफा. अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत तर १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला आणि गीता साराभाई यांच्यासारख्या मंडळींनी तिथे ध्वनीचे प्रयोग केले. त्या फिती संस्थेतच पडून होत्या. २०१७ साली सापडल्या आणि २०२३ मध्ये लोकांसमोर आल्या. आपल्याकडे काय काय कपाटात पडून असते!

मग आले डिस्को. १९८०च्या ‘कुर्बानी’तले नाझिया हसनचे गाणे, १९८१ची ‘डिस्को दीवाने’, १९८२चा ‘डिस्को डान्सर’. वरातीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत एकच ठेका. स्टुडिओतल्या वादकांना रोज तेच वाजवावे लागे. चरणजित सिंग यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितले ते साधे होते : चित्रपटांत डिस्को भरपूर चालले होते, तेव्हा त्याचाच वापर करून काही वेगळे करावे, ठेका डिस्कोचा ठेवावा, तबला बंद करावा आणि वर राग वाजवावे. घरी यंत्रे जोडून पाहिली, बरे वाटले, म्हणून मुद्रित केले. जगाला काही सिद्ध करून दाखवण्याचा आव त्यात कुठे दिसत नाही.

ही यंत्रे जरा जवळून पाहायला हवीत. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. पहिले टीआर-८०८, म्हणजे ढोल-ताशा वाजवणारी पेटी. १९८० साली आलेली. समोर सोळा बटणे, कोणत्या बटणावर कोणता आघात पडायचा ते ठरवायचे, की यंत्र न थकता तेच वाजवत राहते. दुसरे ज्युपिटर-८, हा मोठा आणि महागडा सिंथेसायझर; वरची सुरावट त्याच्यावर. आणि तिसरे टीबी-३०३, चंदेरी रंगाची छोटी पेटी. तिचे काम बास गिटारची साथ देणे. गिटार वाजवणाऱ्याला घरी सराव करायचा असेल, बासवाला मिळत नसेल, तर त्याच्या जागी ही पेटी, अशी मूळ कल्पना. पण तिचा आवाज बास गिटारसारखा येईना, सूर भरण्याची पद्धत किचकट, म्हणून कुणी घेईना. १९८४ मध्ये कंपनीने ती बनवणे थांबवले. तोवर जेमतेम दहा हजार पेट्या झाल्या होत्या.

बासवाल्याला घरी बसवणारी ही पेटी विकत घेतली ती मुंबईतल्या एका बासवाल्याने. आणि तिने बासची नक्कल करावी असा हट्ट त्याने धरला नाही. या पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पाश्चात्त्य वादकाला ती गंमत वाटली असेल. आपल्या कानाला ती मींडेची चुलत बहीण वाटते. चरणजित सिंग यांनी त्या पेटीत रागाचेच सूर भरले. त्यामुळे खालून सतत फिरणारा तो घोगरा आवाज साथही करतो आणि तंबोऱ्यासारखी रागाची जमीनही धरून ठेवतो. तिन्ही यंत्रे तारांनी एकमेकांना बांधली, एकाच्या ठोक्यावर बाकीची चालू लागली, आणि माणसाचे हात मोकळे झाले ते सुरावटीसाठी.

दहा रागांची निवड मला विचारपूर्वक वाटते. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच सुरांचे राग. सूर थोडे असले की एक आवर्तन पुन्हा पुन्हा फिरवत ठेवले तरी कानाला खटकत नाही. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत, ते या तुकड्यात येत नाहीत. ललितमध्ये दोन्ही मध्यमांचा खेळ आहे, पंचम वर्ज्य. यंत्रावर हा राग सांभाळणे सोपे नाही. रागाच्या वेळांचा मात्र पत्ता नाही. भैरव, ललित या पहाटेच्या रागांनंतर एकदम संध्याकाळची भूपाळी, आणि तिच्यामागून पुन्हा सकाळची तोडी. आमच्या काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

सगळेच तुकडे सारखे उतरले आहेत असे नाही. भैरव जमला आहे, मालकंस जमला आहे. यमनसारखा विस्ताराचा राग पाच मिनिटांच्या घाईत अवघडून उभा राहतो. सलग दहा राग ऐकले तर कान दमतो. निदान माझा दमला.

आता त्या वेळचे स्वागत. भैरवच्या तुकड्यात यंत्राच्या आवाजात ‘ओम नमः शिवाय’ येते. त्याची थोडी चर्चा झाली, तो रेडिओवरूनही वाजला. बस, तेवढेच. ध्वनिमुद्रिका विकली गेली नाही. डिस्कोवर नाचणाऱ्याला गाणे हवे होते, शब्द हवे होते, पडद्यावरचा नायक हवा होता; ‘राग’ हा शब्द वेष्टनावर पाहूनच त्याने ती खाली ठेवली असणार. रागदारी ऐकणाऱ्याला ‘डिस्को’ हा शब्द दिसला असणार. शिवाय तबकडीचा जमाना उतरणीला लागला होता, स्वस्त कॅसेटी गावोगाव पोचू लागल्या होत्या. आमच्या चांदूरला मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांतून मुंबईचे काय काय उतरत असे, पण ही तबकडी कुणाच्या घरी पाहिल्याचे मला आठवत नाही. चरणजित सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

‘यंत्रावर कुठे राग असतो का?’ हा आक्षेप मात्र त्या तबकडीपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि त्याचा मान ज्या संस्थेकडे जातो तिच्याच ध्वनिक्षेपकासमोर बसून मी हे बोलतो आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने, हार्मोनियमवर बंदी घातली. लायनेल फील्डन तेव्हा प्रमुख होते. रवींद्रनाथ टागोरांचाही या वाद्याला कडक विरोध होता. कारणे अशी : वाद्य परदेशी, त्याचे बारा सूर ठोकून बसवलेले, श्रुती नाहीत, मींड नाही. तांत्रिकदृष्ट्या आक्षेप खरा होता. पण महाराष्ट्रात त्याच काळात काय चालले होते? संगीत रंगभूमीने ऑर्गन आणि पेटीला केव्हाच आपलेसे केले होते, गोविंदराव टेंबे यांच्या पेटीवादनाने लोक वेडे झाले होते, आणि गावोगावच्या भजनी मंडळांत पेटीशिवाय पान हलत नव्हते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी सैल झाली, तीही आधी साथीपुरती. एकल वादनाला आणखी बरीच वर्षे थांबावे लागले. म्हणजे आमचे काका ज्या रेडिओवर राग शिकले, त्या रेडिओवर त्यांच्या वाद्याला प्रवेश नव्हता. ते बिचारे गाणे ऐकायचे रेडिओवर आणि बसवायचे पेटीवर. श्रुतींचे काय झाले? बोटांनी जेवढे जमले तेवढे झाले, बाकीचे ऐकणाऱ्याच्या कानाने भरून काढले.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. शिकागो शहरात १९८०च्या दशकाच्या मध्यावर काही काळ्या तरुणांनी तीच टीबी-३०३ पेटी जुन्या बाजारातून स्वस्तात घेतली. यंत्र वाजत असताना तिची बटणे पिळत राहिले की एक किरकिरणारा, चिखलातून पाय काढताना येतो तसा आवाज येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८७ साली फ्यूचर या त्रयीची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली आणि तिच्यापासून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला. इंग्लंडात त्याने एक पिढी नाचवली. जी पेटी कंपनीने मोडीत काढली, तिला जुन्या वस्तूंच्या बाजारात सोन्याचा भाव आला.

२००२ साली एडो बाउमन नावाचा डच संग्राहक भारतात जुन्या तबकड्या धुंडाळत होता. त्याच्या हाती ही तबकडी लागली. मुक्कामी परतून त्याने ती लावली आणि थक्क झाला, कारण ऐकू येत होते ते जवळपास अ‍ॅसिड हाउस, आणि वेष्टनावरचे साल शिकागोच्या आधीचे! त्याने मुंबईत चरणजित सिंग यांना शोधून काढले आणि २०१०मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या कंपनीतर्फे ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली.

मग वादाला तोंड फुटले. काहींनी ठामपणे सांगितले, ही लबाडी आहे; आजच्या एखाद्या खोडकर संगीतकाराने जुन्या वेष्टनात नवा माल भरला आहे. एफेक्स ट्विन या इंग्रजी कलावंताचे नावही त्यात घेतले गेले. १९८२ साली, मुंबईत, हिंदी सिनेमाच्या एका वादकाने हे केले असेल यावर विश्वास बसणे त्यांना जड गेले. तबकडी खरीच आहे हे कळल्यावर दुसरे टोक : अ‍ॅसिड हाउसचा खरा जनक हाच! आपल्याकडच्या वृत्तपत्रांनीही ते उचलले. परदेशी माणसाने शाबासकी दिली की आपल्याला आपले माणूस दिसू लागते, ही सवय जुनी आहे. तिसऱ्या बाजूने शिकागोच्या चाहत्यांनी विचारले, जी तबकडी आमच्यापैकी कुणी ऐकलीच नाही, ती आमची जननी कशी?

या तिसऱ्या मंडळींचे म्हणणे मला पटते. मुंबईहून शिकागोला जाणारा धागा नाही. शिवाय टीबी-३०३ वापरणारे चरणजित सिंग एकटे नव्हते. इंग्लंडच्या हेवन सेव्हनटीनच्या १९८२च्या गाण्यात ती आहे, इटलीच्या अलेक्झांडर रोबोटनिकच्या १९८३च्या तबकडीत आहे. ‘पहिला कोण’ या शर्यतीत त्यांना उभे करणे म्हणजे त्यांनी जे केले ते सोडून, जे केले नाही त्याबद्दल हार घालणे. बाउमनने स्वतः त्यांना त्या अ‍ॅसिडसारख्या आवाजाबद्दल विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नच नीट उमगला नाही, असे तो सांगतो. का उमगावा? ते आवाज वाजवत नव्हते, मालकंस वाजवत होते.

इथे पुन्हा काकांचा प्रश्न येतो. सम कुठे आहे? यंत्रामुळे रागाचे नुकसान झाले, हा आक्षेप ऐकताना टिकत नाही. सूर जागच्या जागी आहेत, वर्ज्य स्वर पाळले आहेत, घसीटही शक्य तितकी आहे; आलाप काही सेकंदांत आटोपतो, एवढीच तक्रार. पेटीवर राग चालतो, तर या यंत्रावरही चालतो. पण तालाचे तसे नाही. तीनतालाच्या मात्रा सोळा, आणि त्या यंत्राची बटणेही योगायोगाने सोळाच. मात्र तीनतालाच्या सोळा मात्रा एकसारख्या नाहीत. पहिलीवर सम, नववीवर खाली. खालीला डग्ग्याचा घुमारा निघून जातो आणि ऐकणाऱ्याला कळते की आता परत फिरायचे आहे. गायक-वादक दूर भटकून समेवर येतो तेव्हा आपली मान आपोआप हलते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा, धप् धप् धप् धप्. तिथे खाली नाही म्हणून भरी नाही, घर सोडलेच नाही म्हणून घरी परतणे नाही. हरवला तो ताल; आणि सगळे भांडले ते सुरांवरून.

नाचणाऱ्याला नेमके तेच हवे असते. कुठे थांबायचे, कुठे परतायचे हे न सांगणारा, रात्रभर चालू शकणारा ठोका. म्हणून युरोपला ती तबकडी कळली आणि मंडळातल्या दोघा-तिघांना हसू आले. दोघांचेही कान खोटे नव्हते.

आणखी एक गोष्ट या कौतुकात विसरली जाते. १९८२ साली एका वादकाने हौसेने जे केले, ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्टुडिओंनी हिशेबाने केले. पन्नास माणसांच्या जागी दोन कीबोर्ड आणि एक ठेक्याचे यंत्र. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा गेल्या, ढोलकवाले गेले, ॲकॉर्डियनवाले गेले. आमच्या वऱ्हाडातही लग्नसराईवर जगणाऱ्या वाद्यवृंदांत एका कॅसिओने चार वादकांच्या खुर्च्या रिकाम्या केल्या. त्यातले काही भजनी मंडळात आले, काही शेतावर गेले. यंत्रावर राग वाजतो का, या प्रश्नापेक्षा त्यांना हा प्रश्न जवळचा होता.

चरणजित सिंग यांना सत्तरीनंतर रंगमंच मिळाला. ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाल्यानंतर युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले. नातवंडांच्या वयाची मुले समोर नाचत आणि हे शांतपणे उभे राहून भैरव वाजवत. चित्रपटगीतांच्या वेष्टनावर ज्याचे नाव नव्हते, त्या माणसाच्या नावाने तिकिटे विकली गेली. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

काकांच्या नातवाने परत जाण्याआधी आजोबांच्या मोबाईलमध्ये दहाही राग भरून दिले आहेत. परवा भजनाला जरा लवकर पोचलो, तर काका एकटेच बसले होते. मोबाईलवर तोच मालकंस लावलेला आणि समोर खंजिरी. यंत्राच्या धप् धप् वर ते स्वतःच खंजिरीने सोळा मात्रा मोजत होते, आणि पहिलीवर जरा जोरात थाप देत होते. मला पाहून म्हणाले, ‘‘बस लेका. आता ऐक कसा वाजते त.’’